कमी पैशांत रायफल: १० मीटर की ५० मीटर?

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्य जिंकलं, आणि आमच्या बीड-परभणीकडची पोरं थेट ५० मीटरसाठीच्या .२२ (०.२२ इंची नळीच्या, काडतुसाच्या) रायफलीची किंमत विचारू लागली. त्यांची ओढ मला मनापासून आवडते, पण सुरुवात १० मीटरच्या, हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या एअर रायफलनेच करावी.

.२२ ला शस्त्र परवाना लागतो, काडतुसांचा खर्च थांबत नाही, आणि ५० मीटरची सुरक्षित रेंज (नेमबाजीची जागा) जवळ नसते. शिवाय मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारचा वारा गोळी सहज बाजूला सारतो. वारा वाचायला शिकवणारी हीच रायफल, हे मात्र खरं.

४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. छर्रे स्वस्त पडतात. मागे भक्कम आडोसा असेल आणि कुणाची ये-जा नसेल, तर बंद गोदामातही सराव होतो. सोपं मात्र समजू नका: १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, ५० मीटरवर तो १०.४ मिलिमीटर.

पैसे वाचले तर खांदा-गाल नीट टेकेल असा दस्ता घ्या. मग शूटिंग जॅकेट. रायफलीवर दुर्बीण नकोच, दोन्ही प्रकारांत ती चालत नाही.