जानेवारीत केदारकंठा की जूनमध्ये रूपिन पास? हिमस्खलनाच्या हिशोबाने बघू

दिवाळी झाली की ग्रुपवर हा प्रश्न येतोच, पहिला स्नो ट्रेक कुठला करू, आणि घरच्यांचं ठरलेलं, ऐन थंडीत बर्फात कशाला तडमडायला जायचं, उन्हाळ्यात जा की. ऐकायला पटतं. पण बर्फ किती आहे यापेक्षा तो कसल्या उतारावर बसलाय आणि आपण त्याच्याखालून किती वाजता जाणार हे जास्त महत्त्वाचं, आणि तिथे हिशोब बराचसा उलटा होतो. मी दोन्ही केलेत.

केदारकंठा हे उत्तराखंडातलं शिखर, 3,810 मीटर, सांकरी गावाहून सुरुवात. वाट बरीचशी जंगलातून, जुडा का तालाब हे तळं वगैरे, आणि वरती डोंगराच्या धारेवरून. धारेवर असलं की डोक्यावरून खाली यायला काही उरतच नाही, आणि दाट जुनं जंगल टिकून आहे म्हणजे तिथून हिमस्खलनं सहसा जात नाहीत. बर्फ घसरतो तो मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर, मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, मोजून बघा, आपल्याला 45 वाटतो तो निघतो 30. म्हणजे केदारकंठा शंभर टक्के सेफ का, तर नाही. शेवटची चढण खडी आहे, आणि उतरताना पोरं वाट सोडून बाजूच्या उतारावरून घसरगुंडी करतात तो खरा प्रॉब्लेम. आमच्या वेळी आदल्या रात्री फूटभर नवीन बर्फ पडला होता, मी सपाटीवरच वाटेच्या जरा बाहेर पाय टाकला तर खालून "धप्प" असा आवाज आला, गादीतली हवा निघावी तसा, आणि आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला. गाइडभैया एकदम गप्प. आतला कच्चा थर बसला की असा आवाज येतो, हेच खड्या उतारावर झालं असतं तर अख्खा तुकडा निघून आला असता. आपल्याकडे मोठा पाऊस झाला की दरडीचं जसं, तसंच इथे, नवा बर्फ पडल्यावर पहिले 24 ते 48 तास सगळ्यात वाईट.

आता रूपिन पास, म्हणजे खिंड. 4,650 मीटर, पासच्या आधी एक खडी घळ लागते, दोन्ही बाजूंना उतार आणि मधून आपण, म्हणजे सुटलेलं सगळं येणार तिथेच. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला ती बर्फाने भरलेली असते. पहाटे बर्फ इतका टणक की गाइड आइस ॲक्सने पायऱ्या खोदतो आणि मायक्रोस्पाइक्सशिवाय (बुटांवर चढवायचे खिळे) पाय ठरत नाही, नऊ-दहानंतर ऊन लागलं की तोच बर्फ बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत, गुडघ्यापर्यंत पाय जातो, वरून दगड सुटतात आणि ओला जड बर्फ सरकायला लागतो. म्हणून निघायचं पहाटे तीन-चारला. आमच्यातल्या एकाने तंबू आवरायला तासभर लावला आणि तो तास आम्ही घळीत फेडला.

गुलमर्गला गोंडोलाने वर जाऊन स्कीइंगसाठी आखलेल्या पट्ट्याबाहेर स्कीइंगचा विचार असेल तर तो खेळच वेगळा. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे अफरवट शिखरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरायची प्रॅक्टिस नसेल तर पट्ट्याच्या आतच राहा, कारण गाडलेल्या माणसाला 10-15 मिनिटांत काढलं तरच खरा चान्स, आणि एवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, काढणार ते सोबतचेच. ऑक्टोबरही सेफ समजू नका, 2022 मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर 4 ऑक्टोबरला शिकाऊ गिर्यारोहकांवर बर्फ आला आणि दोन डझनांहून जास्त जण गेले.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने केदारकंठाच, पण हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवून, तिकीट टाइट काढलं की गाइडवर प्रेशर येतं. थंडी सोसत नसेल तरच रूपिन, आणि तेही आधी एक हिमालयातला ट्रेक झाला असेल तर. जायच्या आधी डीजीआरईचा, म्हणजे डीआरडीओच्या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, हिमस्खलनाचा इशारा बघा, तो जिल्ह्यापुरता असतो, तुमच्या घळीचा नसतो, तरी लाल-केशरी दिसला की थांबायचं. आणि पैसे भरायच्या आधी ट्रेकवाल्याला फोन करून विचारा की बर्फ पडला तर राखीव दिवस आहे का. "आपला समिट कधी हुकतच नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं की मी तिथे फोन ठेवतो.