बिघाड टाकीच्या झाकणाचा, पैसे घेतले सीडीआयचे

दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडून गुहागरकडे जाणाऱ्यांनी, आणि एकूणच सागरी मार्गावर जुनी कार्ब्युरेटरची गाडी घेऊन फिरणाऱ्यांनी हे वाचा. माझे ७,३८० रुपये गेले. खरा बिघाड काय, तर पेट्रोल टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. ते मोकळं करायला रत्नागिरीत ५० रुपये लागले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे.

गाडी १५० सीसी, २०१५ची. मागे बायको, सामान, हेदवीला खोली बुक केलेली. धोपाव्याचा चढ चढताना गाडी मिसिंग करायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की घुटमळायची, चोक ओढला की क्षणभर उचल घ्यायची आणि मग बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू, पुढे थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. चहाच्या टपरीवरचा एकजण आपणहून म्हणाला, “ओळखीचा मेकॅनिक आहे, टेम्पो पाठवील.” टपरी, टेम्पो आणि गॅरेज यांचं साटंलोटं कसं असतं ते सांगायला नको. टेम्पोचे १,५०० तिथेच कबूल करून घेतले.

आता जे लिहितोय ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. मेकॅनिकने गाडी स्वतः फिरवून आणली. परत येताना ती गॅरेजच्या दारातच आचके देत बंद पडली. त्याने पहिली गोष्ट काय केली, तर टाकीचं झाकण उघडलं. सुंऽऽ असा हवा आत ओढल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. त्याने किक मारली आणि गाडी पहिल्या किकला लागली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, झाकण दाबून बंद केलं आणि म्हणाला, “दादा, सीडीआय गेलाय. गरम झाला की बसतो.” सीडीआय म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा.

म्हणजे त्याला कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याने निदान केलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते लपवलं.

“तू आवाज ऐकलास, मग बोलला का नाहीस?” असं मला आतापर्यंत पुष्कळांनी विचारलंय. त्यांनी आधी हे समजून घ्यावं. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. आत ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. गाडी थांबली की हवा हळूहळू कुठून तरी झिरपते आणि ती पुन्हा चालू होते. सीडीआय किंवा इग्निशन कॉइल तापून बसत असेल तरी लक्षणं बरीचशी अशीच दिसतात. चालता चालता बंद, थंड झाली की सुरू. त्यामुळे तो सांगत होता ते ऐकायला बरोबरच होतं. उन्हं उतरलेली, बायको दिवसभराची थकलेली, पुढचा रस्ता अंधाराचा. अशा वेळी मेकॅनिकशी कोण वाद घालतो? आणि माझं आजोळ दापोली तालुक्यातलं. कोकणात आपल्याला कोणी लुबाडेल हे माझ्या मनातही येत नाही.

दोन्हींतला फरक अर्ध्या मिनिटात कळतो. गाडी बंद पडली त्याच क्षणी झाकण उघडा. आवाज आला आणि लगेच लागली तर झाकणच. शंका राहिली तर कार्ब्युरेटरची पेट्रोल नळी काढून बाटलीत सोडा. धार बारीक होत थेंबावर आली आणि झाकण उघडताच मोठी झाली, तर वेगळा पुरावा नको. सीडीआयवर बोट ठेवणाऱ्याला सांगा, बंद पडल्या पडल्या प्लग काढ आणि ठिणगी दाखव. ठिणगी निळी, कडक असेल तर तो खोटं बोलतोय.

पुढचा हिशेब असा. सीडीआय १,८५०. इग्निशन कॉइल ९५०. कार्ब्युरेटर किट १,४००. प्लग १८०. “हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं” म्हणून टाकी फ्लश ३००, आणि टाकीतलं पेट्रोल त्याच्या कॅनमध्ये गेलं ते गेलंच. पाणी असेल तर पारदर्शक बाटलीत तळाशी वेगळा थर दिसतो. तो दाखवल्याशिवाय टाकी रिकामी करू देऊ नका. मजुरी १,२००. टेम्पो धरून ७,३८०. ५,००० यूपीआयने घेतले, उरलेले २,३८० “रेंज नाही” म्हणून रोख. बिल मागितलं तर “पुस्तक संपलंय”. जुने पार्ट मागितले तर “भंगारवाला आत्ताच घेऊन गेला”. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊच नका.

दुसऱ्या दिवशी तवसाळहून जयगडला उतरलो आणि चढावर तेच सुरू. थांबत थांबत पंप गाठला. पेट्रोल भरणाऱ्या मुलाने झाकण उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, “ओ, तुमच्या झाकणाचं भोक बंद आहे.” पंपावरच्या मुलाला जे एका आवाजात कळलं ते गॅरेजवाल्याला कळलं नव्हतं हे कोणीही मला सांगू नये.

रत्नागिरीत झाकण खोललं. भोकात लाल माती आणि जुनं पॉलिश घट्ट बसलेलं. बारीक तार आणि हवेचा झोत, ५० रुपये. मग साइड पॅनल उघडून ‘नवा’ सीडीआय पाहिला. माझ्या पुण्याच्या मेकॅनिकने मागे त्यावर मार्करने गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे लिहिले होते. ते पुसायचा प्रयत्न केलेला, तरी वाचता येत होते. माझाच सीडीआय मला १,८५०ला विकला!

पोलीस ठाण्यात गेलो. “आमची हद्द नाही.” १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, हे मी सांगितलं. मग सूर बदलला, “हा तर दिवाणी वाद.” माझी वस्तू मलाच नवी म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? त्यावर उत्तर आलं, “साहेब, सात हजारांसाठी कुठे फेऱ्या मारणार?” म्हणजे किती हजारांनंतर गुन्हा धरायचा ते तरी भिंतीवर लिहून लावा. ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांना बिल हवं. बिल न देणं हीच तर तक्रार आहे, हे समजावता समजावता माझा घसा बसला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तिकडे तो माणूस पुढच्या गाडीचं झाकण उघडून बंद करतोय.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी पुण्यात दाखल करतोय. यूपीआयची पावती, सीडीआयवरच्या आकड्यांचे फोटो आणि रत्नागिरीच्या मेकॅनिकने सहीनिशी दिलेलं ५० रुपयांचं बिल जोडलंय. धोपाव्याच्या वर कोणाला असाच “तापून बसलेला” सीडीआय बदलून मिळाला असेल, तर साइड पॅनल उघडून आजच बघा आणि मला कळवा. दोघांची तक्रार एकत्र गेली तर “एकट्याचा वाद” म्हणून ती बाजूला टाकता येणार नाही.