मंडळाचे पैसे कुणाला द्यायचे?

चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीकडच्या महिला मंडळात किंवा चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळात देहविक्री करणाऱ्या बायकांसाठी काही करायचं निघालं की चर्चा दोन वाटांवर येते. एक, बायकांना सोडवून पुनर्वसन करणारी संस्था. दुसरी, या बायकांनीच उभी केलेली संघटना. पैसे थोडे, वेळ देणारी माणसं त्याहून थोडी, तेव्हा अर्धं-अर्धं वाटून कुठलंच काम होत नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल तर चर्चाच नको. तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, तिला बाहेर काढायचंच. हॉटेलात नोकरी देतो म्हणून आणून कोंडून ठेवलेल्या बाईचंही तेच. अशा वेळी छाप्याची, केसची, निवाऱ्याची माहिती असलेली संस्था लागते, आणि ते काम हौशी मंडळाचं नाही. गोव्यात वास्कोच्या ‘अर्ज’ संस्थेने बाहेर पडलेल्या बायकांना पगाराचं काम मिळावं म्हणून ‘स्विफ्ट वॉश’ नावाची लाँड्री उभी केली. शिवणयंत्र देऊन फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं.

अडचण येते ती सज्ञान बाईची. लॉजवर रेड पडते, पंचनामा होतो, बाईच्या पर्समधली कंडोमची पाकिटंसुद्धा त्यात लिहिली जातात, आणि ‘सुटका’ झालेली बाई सुधारगृहात जाते. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17 खाली मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षं तिथे ठेवू शकतात. गावी आईकडे ठेवलेल्या पोराची फी कुणी भरायची, हे त्या आदेशात नसतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन बायकांना सोडायला सांगितलं. देहविक्री हा या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. कुंटणखाना चालवणं, दलाली, गिऱ्हाईक शोधत उभं राहणं हे मात्र गुन्हेच आहेत.

बायणाही विसरू नका. जून 2004 मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, वास्कोच्या किनाऱ्यावरची ही देहविक्रीची वस्ती पाडली. वस्ती गेली म्हणून धंदा थांबत नाही, तो लॉजवर आणि भाड्याच्या खोल्यांत जातो. मग आरोग्य कार्यकर्तीला बाई सापडायची मारामार.

आता घाटावर या. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था 1992 पासून आहे, आणि तिच्यातूनच 1996 मध्ये बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, उभी राहिली. कोलकात्यात सोनागाछीच्या वस्तीत अशीच बायकांची ‘दरबार’ संघटना आहे, बायकांची स्वतःची ‘उषा’ सहकारी संस्थाही आहे. कुणाला पोलिसांनी नेलं तर दहाजणी स्टेशनला जाऊन बसतात. हे बळ बाहेरच्या माणसाला देता येत नाही. मला मनापासून ही वाट पटते. तरी एक खोट सांगितलीच पाहिजे: संघटनेत घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणारीचा, शब्द चालत असेल तर नव्या मुलीचं गाऱ्हाणं पुढे येतच नाही.

शिवाय सांगली कोकणात जशीच्या तशी उतरत नाही. आपल्याकडे तशी मोठी वस्ती कुठे आहे? काम चालतं फोनवर, हायवेच्या लॉजवर, बंदराच्या आसपास. खेडची बाई रत्नागिरीला येते ती ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. ती बॅनरखालच्या बैठकीला काय म्हणून येईल? जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे बंदरावरचं गिऱ्हाईकही कमी, आणि उसनवारी वाढते ती तेव्हा.

म्हणून माझं मत असं: संघटनेची वाट धरा, पण सुरुवात कागदांपासून करा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर महिना 5000 रुपये दिले, शाळकरी मुलं असतील तर आणखी 2500. पण त्यासाठी आधी ओळख पटलेली असायला हवी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 19 मे 2022 च्या आदेशाने राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांच्या दाखल्यावर आधार कार्ड मिळतं, आणि त्यावरून तिचा धंदा कळता कामा नये. कंडोम हा पुरावा धरायचा नाही, मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करून त्यांना सोडावं, छाप्याच्या बातमीत ओळख उघड करू नये, हेही त्याच आदेशात आहे. या आदेशाची मराठी प्रत खिशात असलेली बाई पोलिसांशी वेगळं बोलते. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला मिळकतीची अट न लावता तो फुकट मिळतो. मंडळाने फक्त तिच्यासोबत जायचं, जायचं भाडं द्यायचं, आणि ऑफिसात ‘नवरा काय करतो’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला एकटी सोडायचं नाही.

चेक लिहिण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. कार्यकारिणीत हे काम केलेल्या किती बायका आहेत, आणि बँकेत सही कुणाची चालते? पुनर्वसनवाल्यांना आणखी एक: बाई ‘मला जायचंय’ म्हणाली तर तिला त्याच दिवशी जाता येतं का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पुढच्या मीटिंगपर्यंत ठेवा.