मार्टिन की स्पेक्टर : श्रेय कोणाला किती?

बीटल्स या इंग्लिश बँडच्या यशात रेकॉर्ड-निर्मात्याचा वाटा किती, हे तोलायचं तर जॉर्ज मार्टिन आणि फिल स्पेक्टर या त्यांच्या दोन निर्मात्यांना शेजारी ठेवून ऐकावं.

मार्टिन संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेले, ओबो हे फुंकवाद्य वाजवणारे. १९६५ मध्ये ‘यस्टरडे’ला चार तंतुवाद्यांची साथ त्यांनीच सुचवली, बँडमधला पॉल मॅकार्टनी आधी नाखूश होता. १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची तर कमालच. बँडमधल्याच जॉन लेननला सुरुवात एका टेकची (एका वेळच्या ध्वनिमुद्रणाची) हवी होती आणि पुढचा भाग दुसऱ्याचा. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी! मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून साधारण एका मिनिटाशी सांधा जुळवला. हेडफोन लावून ऐका, चटकन सापडत नाही.

स्पेक्टरच्या हाती १९७० मध्ये ‘लेट इट बी’ या अल्बमच्या पडून राहिलेल्या टेप आल्या. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर त्याने मोठा वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढवला, मॅकार्टनीला न विचारता. पिठल्यावर काजू-बेदाणे पेरावेत तसं. अर्थात अमेरिकेत गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, हेही खरं. २००३ मध्ये त्याच गाण्याचा बिनसजावटीचा दुसरा टेक बाहेर आला, आणि तोही भक्कम उभा राहतो. म्हणजे स्पेक्टर वजा केला तरी गाणं उरतं. मार्टिन वजा केले तर ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हे दोन अर्धवट टेक.

आणि हे मार्टिन १९६५ पर्यंत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे पगारी नोकर होते. रेकॉर्डी लाखोंनी खपत होत्या, रॉयल्टी मात्र शून्य.