'गो विथ द फ्लो': नऊ महिने, अकरा मुली आणि एक सेलोटेप

दिवाळीत भाचीसाठी घेतलं. ती तेव्हा नववीत, सेमी-इंग्लिशला. लिली विल्यम्स आणि कॅरेन श्नीमन या दोघींचं 2020 मधलं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतनं सांगितलेली कादंबरी, विषय पाळी. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये नवीन आलेल्या साशाच्या कपड्यांना डाग लागतो, तिघी मैत्रिणी तिला सांभाळून घेतात. बाथरूममधलं पॅडचं मशीन रिकामं. त्यातली अ‍ॅबी यावरनं पेटते, कारण शाळेकडे पॅडला पैसे नाहीत, फुटबॉलला आहेत.

इथवर वाचून भाची स्वयंपाकघरात आली. "आत्या, मी वाचतो तर काय, आमच्याच शाळेचं काढलंय की गं!" (कोल्हापूरच्या पोरी 'वाचतो'च म्हणतात, हसू नका.) त्यांचं मशीन पाचचं नाणं गिळायचं, ठण्ण वाजायचं, खाली काही पडायचं नाही.

अ‍ॅबीची मुख्याध्यापकांना पत्रं, नकार, ब्लॉग हा भाग मला आधी रटाळ वाटला. आम्हाला सवय मोर्चाची. दसरा चौकातनं निघायचं, बिंदू चौकात सभा. कोल्हापुरातला रस्त्यांचा टोल असाच घालवला. पण हे पुस्तक हातोहात फिरवणाऱ्या भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी नेमका तो रटाळ भागच उचलला. आमच्या हॉलमध्ये बसून अर्ज लिहिला. विषय : 'मुलींच्या अडचणीबाबत'. एकीनं ते खोडून 'पाळीच्या पॅडबाबत' केलं. मग पहिली सही कुणाची यावर अर्धा तास भांडण. शेवटी सगळ्यांनी गोलात सह्या केल्या, म्हणजे पहिली कोण ते कळायला नको. हे पुस्तकात नाही हं, यांचंच डोकं. अ‍ॅबी मात्र पुढं मैत्रिणींना न विचारता एकटीच काहीतरी करून बसते आणि त्या चिडतात. काय ते सांगत नाही. सगळ्यात मळलेली पानं तीच.

पुस्तकातल्या तिघींपैकी ब्रिटला पाळीत इतकं दुखतं की शाळा बुडते, आणि त्यातनं एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) विषय निघतो. हे एका मुलीच्या आईनं आमच्या दारात उभ्या उभ्याच वाचलं. आमच्या वेळी ओवा आणि 'बाईच्या जातीला असतंच' एवढंच औषध होतं.

खटकलेलंही आहे. सगळं पुस्तक लाल छटांत. कल्पना छान, पण रात्री ट्यूबलाइटखाली डोळे शिणतात. इंग्रजी बोलीभाषेतलं, निम्म्या शब्दांचे अर्थ मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलेत. टॅम्पॉन (पाळीत आत घालायचा कापसाचा बोळा) इथं कोण वापरतंय, तेही समजावून सांगावं लागलं. आणि एका मैत्रिणीला दुसरी आवडते, तेही यात सहज येतं. मला काही वाटलं नाही, पण देण्याआधी स्वतः वाचणाऱ्या पालकांसाठी सांगून ठेवते. सहावी-सातवीपासून पुढं द्यायला हरकत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मशीन भरलेलं होतं. वापरलेली पॅड टाकायला झाकणाचा डबा अजून नाही, त्याचा दुसरा अर्ज गेलाय. पुस्तकाची शेवटची पानं सुटलीत, त्यांना सेलोटेप लावलाय, मधल्या दोन पानांवर भेळेचं तेल. सध्या राजारामपुरीत कुणाकडं तरी आहे म्हणे.