गंधकाच्या लाइनवरील हीटिंग केबलची दुरुस्ती: एका सेवेचा अनुभव

रोह्याजवळच्या आमच्या कारखान्यात वितळलेले गंधक वाहून नेणाऱ्या लाइनवर खनिज-इन्सुलेटेड हीटिंग केबल (धातूच्या कवचात, खनिज भुकटीत बसवलेली तापणारी तार) बसवलेली आहे. गंधक 115 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि 159 अंशांच्या पुढे गेले की एकाएकी चिकट होते, त्यामुळे लाइन 135 ते 145 अंशांतच राखावी लागते. जुलैत लॅगिंगचा (लाइनवरच्या उष्णतारोधक आवरणाचा) पत्रा कापताना ग्राइंडरची चकती केबलच्या कवचाला लागली, ब्रेकर ट्रिप होऊ लागला आणि मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) जेमतेम 0.3 मेगोहम दिसू लागले. नवी केबल यायला आठ आठवडे लागणार असल्याने ठाण्याहून दोन कारागीर बोलावले.

त्याआधी आलेल्या एका कंत्राटदाराने ब्रेझिंगसाठी, म्हणजे काडी वितळवून धातू सांधण्यासाठी, फॉस्फरसयुक्त तांब्याची काडी काढली होती. तांब्याला तांबे जोडताना ती फ्लक्सशिवायही (सांध्याचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवणाऱ्या लेपाशिवायही) चालते, परंतु आमच्या केबलसारखे निकेलच्या मिश्रधातूचे कवच असल्यास सांधा ठिसूळ होतो. त्याला चहा पाजून परत पाठवले.

ठाण्याच्या कारागिरांचा निम्म्याहून अधिक वेळ ब्रेझिंगमध्ये नव्हे, केबल सुकवण्यातच गेला. केबलमधली खनिज भुकटी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, कोकणच्या पावसाळी हवेत ओल शोषून घेते. म्हणून खराब भाग कापल्यावर त्यांनी टोकापासून हातभर मागे ज्योत धरली आणि ती सावकाश टोकाकडे आणली, जेणेकरून वाफ उघड्या तोंडातून बाहेर पडावी. आधी टोकच तापवले तर ओल आत ढकलली जाते, हे वयस्कर मिस्त्रींनी न विचारता सांगितले. मेगर 100 मेगोहमच्या वर स्थिर होईपर्यंत त्यांनी चांदीच्या काडीला हात लावला नाही. केबलला ढील नसल्याने मध्ये तुकडा घालून दोन सांधे करावे लागले. प्रत्येक सांध्यात आतली तार ब्रेझ केली, तिच्यावरचा फ्लक्सचा काचेसारखा थर घासून काढला, सांध्यावरची बाहेरची नळी कोरड्या भुकटीने ठासून भरली आणि मगच नळीची टोके बंद केली.

तक्रार दोन गोष्टींची आहे. त्यांच्या टॉर्चला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी गॅसच्या नळीत शिरू न देणारा भाग) नव्हता, आणि गंधकाची धूळ असलेल्या जागी ते चालणार नसल्याने आमच्या सेफ्टी ऑफिसरने परमिट दोन तास अडवून ठेवले. शिवाय दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा तारेचा रोध त्यांनी कागदावर दिलाच नाही. तो आम्हालाच मोजावा लागला.

बिल 22,000 रुपये झाले. सप्टेंबरअखेरपर्यंत ब्रेकर एकदाही पडलेला नाही.