जेआरएफ: घरखर्च भागतो, दफ्तरखान्याचा खर्च भागत नाही

नाशिकमध्ये राहून इतिहास, मराठी किंवा पुरातत्त्व यांत पीएचडी करणाऱ्याला युजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) कितपत पुरते? पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये, पुढची तीन वर्षे एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) म्हणून 42,000. हे 1 जानेवारी 2023पासूनचे दर. पाच वर्षांचे 24 लाख होतात, घरभाडे भत्ता वेगळा. एकट्या माणसाचे भागते.

अडते ते कंटिन्जन्सीपाशी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या वेगळ्या रकमेपाशी. मानव्यविद्यांना पहिली दोन वर्षे सालाला 10,000, नंतर 20,500, म्हणजे पाच वर्षांत मिळून 81,500. विज्ञानाला 12,000 आणि 25,000. प्रयोगशाळा नाही म्हणजे खर्च नाही, ही समजूतच चुकीची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली सापडलेल्या, क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000हून अधिक चांदीच्या नाण्यांचे उदाहरण घ्या; त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला. संदर्भवाचन अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत होईल, पण नाणी प्रत्यक्ष पाहायला दुसऱ्या शहरांतली संग्रहालये गाठावी लागतात. पेशवाईवर काम असेल तर पुण्याचे पेशवे दफ्तर, म्हणजे तिथला जुन्या कागदपत्रांचा संग्रह. प्रवास, मुक्काम, छायाचित्रे, प्रती... 10,000 दोन फेऱ्यांत संपतात. ब्रिटनची एएचआरसी, म्हणजे कला आणि मानव्यविद्यांच्या संशोधनाला पैसे देणारी संस्था, प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाचे साधारण 80 टक्के देते, आणि प्रवास त्या अंदाजपत्रकात धरलेला असतो. निदान एवढे तरी इथे व्हायलाच हवे.

एका बाबतीत मात्र जेआरएफ सरस आहे. पैसे नेट या पात्रता परीक्षेच्या गुणांवर मिळतात, विषय पाहून नाही. ऑस्ट्रेलियात तज्ज्ञांनी निवडलेले मानव्यविद्यांचे 11 प्रकल्प, 42 लाख डॉलरचे, शिक्षणमंत्र्यांनी परस्पर नाकारले होते. 2018 साली ते उघड झाले. अमेरिकेत मानव्यविद्यांना अनुदान देणाऱ्या एनईएच या सरकारी संस्थेने एप्रिल 2025मध्ये 1,400हून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. न्यूझीलंडच्या मार्सडेन फंड या सरकारी संशोधन निधीत तर डिसेंबर 2024मध्ये मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या निवड समित्याच बंद करण्याचा निर्णय झाला. नाशिकचा विद्यार्थी आपला विषय निदान या धास्तीशिवाय निवडतो.

पैसे थकतात ते बहुतेक वेळा संस्थेच्या पातळीवर. फेलोशिपची दर महिन्याची पुष्टी आधी संस्थेतला मेकर (माहिती भरणारा कर्मचारी) भरतो, मग चेकर (तपासणारा) मंजूर करतो. दोघांपैकी एक रजेवर गेला की महिना लटकतो. संशोधन केंद्र नाशिकच्या कॉलेजात आणि नोंदणी पुणे विद्यापीठात असेल, तर मेकर-चेकर कुठले, हे रुजू होतानाच विचारून घ्या. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, नावाचे स्पेलिंगही तेच. एसआरएफ आपोआप होत नाही: तीन जणांची समिती, त्यात बाहेरचा एक तज्ज्ञ. दोन वर्षे भरण्याच्या दोन-तीन महिने आधी मार्गदर्शकांच्या मागे लागा, नाहीतर 37,000वरच थांबाल.

जेआरएफला वयाची अट 30. महिला आणि एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमीलेयर), दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांपर्यंत सवलत. त्यापुढे गेलेल्यांनी आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रे) आणि आयसीएचआर (इतिहास) या केंद्रीय परिषदांच्या, आणि आपापल्या प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पाहाव्यात. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते.